घरी न आणलेले शब्द

शनवारा, बुऱ्हाणपूर
रविवार, ७ ऑक्टोबर १९५६

चि. कोकिळा हिस आशीर्वाद.

आज सुट्टी. सकाळी पाणी भरलं, आंघोळ केली, पूजा केली, दोन धोतरं धुतली. दुपारी जरा आडवा झालो, पण झोप आली नाही म्हणून हे पत्र लिहायला बसलो. इकडचं सर्व ठीक आहे. पाऊस उघडला. तापीचं पाणी उतरलं, घाटाच्या पायऱ्या दिसू लागल्या. नवरात्र बसलं आहे. आपल्याकडे यंदा घट नाहीत, त्यामुळे त्याची काही गडबड नाही.

तुझं कार्ड मिळालं. वसतिगृहात नवीन खोली मिळाली, खिडकी पूर्वेला आहे, हे वाचून बरं वाटलं. थंडीत उपयोग होईल. कार्डाच्या शेवटी नेहमीसारखा नवा इंग्रजी शब्द नव्हता. तुला वेळ झाला नसेल. मी उलटून पाहिलं, कधी कधी तू पत्त्याच्या बाजूला लिहायचीस म्हणून.

कोर्टात सगळे एकाच गोष्टीवर बोलतात. एक तारखेपासून तुमचं नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही भोपाळकडे. कोणाची बदली होणार, कोणाला कुठे घेणार, कोणालाच माहीत नाही. हेडक्लार्क म्हणाले, "वामनराव, आता हिंदी अक्षर वळवा. इंग्रजी निकालपत्रं काही दिवसांचीच पाहुणी." मी मान हलवली. इतकी वर्षं निकालपत्रांच्या नकला केल्या, हात अजून चांगला आहे. पण हिंदी निकालपत्रात मला नवीन काही सापडेल असं वाटत नाही. आणि सापडलं तरी आता घरी सांगायचं कोणाला.

हे सगळं कसं सुरू झालं ते तुला माहीत नसेल, तू तेव्हा नव्हतीस. लग्न झाल्यावर मी संध्याकाळी घरी आलो की तुझी आई विचारायची, "आज काय झालं कोर्टात?" मी म्हणायचो, "काही नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती बिचारी रावेरच्या गजबजलेल्या घरातून आलेली, इथे माझ्याशी बोलून बोलून कंटाळली. मग एक दिवस मी एका जुन्या इंग्रज जज्जाच्या निकालाची नक्कल करत होतो. त्यात लिहिलं होतं की साक्षीदार बाई कोर्टासमोर 'अकिंबो' उभी राहिली. शब्द कळेना. वकिलांच्या खोलीतली मोठी डिक्शनरी पाहिली. दोन्ही हात कमरेवर ठेवून, कोपरं बाहेर काढून उभं राहणं. संध्याकाळी सांगायला दुसरं काही नव्हतं, म्हणून हेच सांगितलं.

तिने लाटणं खाली ठेवलं, पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "एवढ्यासाठी एक अख्खा शब्द? काय लोक आहेत हो!" लुगड्यावर दोन्ही बाजूंना पिठाचे पंजे उठले. ती इतकी हसली की पोळी करपली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावरून धावत आली. "अहो, धुरपदाबाई! अकिंबो! जशीच्या तशी!" पुढे गल्लीतलं भांडण ओळखायची तिची ती खूण झाली. म्हणायची, अजून अकिंबो झालेली नाही, म्हणजे मिटेल.

त्यानंतर मी रोज डोळे उघडे ठेवून नक्कल करू लागलो. 'क्रॅप्युलस' म्हणजे दारू उतरताना जीव मळमळतो तो माणूस. 'हॉबलडिहॉय' म्हणजे मिसरूड फुटलेला, हातापायांचं काय करावं ते न कळणारा पोरगा. हे तिला फार आवडलं. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण एकदा सांगितलेला शब्द ती विसरली असं कधी झालं नाही. मी विसरायचो.

'टॅसिटर्न' तुला माहीत आहेच. कमी बोलणारा, घुमा. माझं नाव घ्यायचं नसे, म्हणून तिने तेच नाव धरलं. हळदीकुंकवाला उखाणा घेतला होता, "असीरगडच्या घाटाला टर्नावर टर्न, कोर्टातून घरी आले आमचे टॅसिटर्न." बायकांना वाटलं, मला बढती मिळाली. धुरपदाबाई अजून मला ट्यासिटनभाऊ म्हणतात. त्यांना कोणी सांगितलं नाही आणि आता सांगायची माझी इच्छा नाही. तो शब्द अजून कोणाच्या तरी तोंडी आहे, एवढंच.

गुरुवारी रावेरचे पाहुणे आले होते, मालूआत्याच्या ओळखीचे. चहा घेऊन गेले. विशेष काही नाही.

तुझी परीक्षा मार्चात आहे की एप्रिलात, ते नक्की कळव. तारीख लागली असेल तर तारीखही कळव. दूध घेतेस ना? न घेतलंस तर तसं लिही, पण लिही.

तुझ्यासाठी एक शब्द पाठवतो. 'टर्जिव्हर्सेशन'. साक्षीदार सरळ उत्तर देत नाही, एकदा इकडे वळतो, एकदा तिकडे, पण मुद्द्याकडे पाठ ठेवतो, त्याला म्हणतात. परवाच्या नकलेत आला. उच्चार वकिलांना विचारून घेतला आहे.

तुझे वडील,
वामन त्र्यंबक


शनवारा, बुऱ्हाणपूर
बुधवार, १७ ऑक्टोबर १९५६

चि. कोकिळा हिस आशीर्वाद.

आज कोर्टातून लवकर आलो. साहेब दौऱ्यावर आहेत. येताना अर्धा शेर तुरीची डाळ घेतली. घरी येऊन केर काढला. दसरा झाला. आपट्याची पानं द्यायला गल्लीतली मंडळी आली, त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच दिली. सुतक केव्हाच फिटलं आहे, तरी लोकांना वाटतं आत येऊन सण करू नये. त्यांचं बरोबर आहे.

तुझं पाकीट काल मिळालं. परीक्षा मार्चात, हे समजलं. बाकी पत्रात तू एकच गोष्ट विचारली आहेस. रावेरचे पाहुणे कोण?

तुला सांगणारच होतो.

मालूआत्या नवरात्राच्या आधी फोपनारहून आली होती. तुझ्या आईच्या तेराव्यापासूनच तिच्या मनात होतं. ओट्यावर बसली, पाण्याचा तांब्या अर्धा प्याली आणि सुरू झाली. "वामन, तुले काही समजते का? पोरगी काय तिकडे म्हातारी होऊ द्यायची हाय? मायेचं वरीस सरलं की मंग तीन वरसं दारात मांडव टाकता येत नाही. तीन वरसं! तवर पोरगी चोवीस-पंचवीसची होईन. मंग कोन पुसते?"

मी म्हटलं, "तिचं शिक्षण..."

"शिक्षन पुरे. बीए झाली म्हणून काय कोनी सोन्याची केळं घालते का पदरात? अन् तुह्या घरात तरी कोन हाय पोळी टाकाले? का नागपूरहून फेकते ती तुले पोळ्या?"

ही रूढी तुला ठाऊक असेल, नसेल. घरात आईबाप गेले तर वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आपल्याकडे सगळे पाळतात. मी तिला काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे ठरलं, असं समजून ती गेली, आणि त्या गुरुवारी पाहुण्यांना घेऊन आली.

निंबाजी पाटील म्हणून आहेत. रावेरला केळीची बाग आहे, रेल्वेने माल पाठवतात. मुलगा श्रीकांत जळगावला ओव्हरसियर आहे. मुलगा आला नव्हता, फोटो आणला होता. चांगला दिसतो. निंबाजीही चांगले आहेत, मोकळ्या स्वभावाचे. तुझ्या आईचं माहेर रावेरचं, ते तिच्या भावाला ओळखत होते. आईबद्दल चांगलं बोलले. त्यामुळे मला मध्येच काही म्हणता आलं नाही.

चहा धुरपदाबाईंनी केला. कपबशा आणून ठेवता ठेवता म्हणाल्या, "घ्या, साहेब. आमच्या ट्यासिटनभाऊंचा हात नाही लागत चुलीला, कोर्टातला माणूस!"

निंबाजींनी मला विचारलं, "ट्यासिटन म्हणजे शिरस्तेदाराच्या वर की खाली हो?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनी वर असेल असं धरलं. मालूआत्याने मान ताठ केली. खरं सांगायचं तर मला तेव्हा हसू येत होतं. आणि हसू आलं म्हणून वाईटही वाटलं, कारण हे ऐकून ज्या माणसाने आठ दिवस हसायचं, ते माणूस घरात नव्हतं.

मग निंबाजी म्हणाले, "मुलीच्या शिकण्याला आमची ना नाही. आमच्याकडे काय पुस्तकांना बंदी आहे? पण कार्य माघात. वर्षाच्या आतलं आतच बरं." मी गप्प. ते म्हणाले, "तुमची काही अडचण असली तर बोला." मी गप्प. मालूआत्या म्हणाली, "त्याची कसली अडचन? तो असाच हाय लहानपनापासून." सगळे हसले. निंबाजी उठले, पिशवीतून नारळ काढला, कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिला. "मग समजायचं ना?"

कोकिळा, मी तो नारळ धरून उभा राहिलो. हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. ते नमस्कार करून गेले. मालूआत्या त्यांना टांग्यापर्यंत सोडायला गेली, परत आली तेव्हा मी तिथेच उभा होतो. ती म्हणाली, "ठेव आता देवापुढे, का पोर हाय ते कडेवर घ्याले?"

एक शब्द आहे. मी तो आठवड्यातून दोनदा तरी लिहितो, पण घरी कधी आणला नाही, कारण त्यात काही गंमत वाटली नाही. 'अक्विएसन्स'. आपल्या हक्काविरुद्ध काही घडत असताना जो माणूस समोर उभा असून गप्प राहतो, त्याची संमती होती असं कोर्ट धरतं. पुढे त्याला तक्रार करता येत नाही. जमिनीच्या दाव्यांत हे फार येतं. एकाच्या शेतातून दुसऱ्याने पाट नेला, हा बांधावर बसून पाहत राहिला. मी नक्कल करताना दर वेळी मनात म्हणायचो, बोलायचं होतं की मग. केवढा मूर्ख माणूस!

नारळ देव्हाऱ्यात आहे. फोडता येत नाही, टाकता येत नाही. सकाळी पूजा करताना मी नजर दुसरीकडे ठेवतो.

तुला काय वाटतं ते लिही. मुलगा वाईट नाही. रावेर आपल्याला जवळ. ते पहिल्यापासून दुसऱ्या राज्यात आहे, पण गाडीने तासाभराचा रस्ता. बीएचं हे शेवटचं वर्ष आहे हे मला माहीत आहे. लग्नानंतर पेपर देता येतील, असं ते म्हणतात. मला काही कळत नाही. तुझी आई असती तर तिने तुला विचारलं असतं, मला विचारलं असतं आणि मग तिसरंच काही केलं असतं.

दिवाळीत यायचं असेल तर ये. नाही आलीस तरी चालेल. फराळ आपल्याकडे नाहीच.

या पत्रात शब्द पाठवायचा राहिला असं वाटेल. वर लिहिला आहे तोच.

तुझे वडील,
वामन त्र्यंबक


शनवारा, बुऱ्हाणपूर
रविवार, ४ नोव्हेंबर १९५६

चि. कोकिळा,

आज भाऊबीज. सकाळी उठलो, अंगणात पाणी टाकलं, धुरपदाबाईंनी दिलेल्या करंज्यांतली एक खाल्ली. दरवर्षी मी आज फोपनारला जातो. यंदा गेलो नाही. मालूआत्याचा निरोप आला नाही आणि येणारही नाही. का ते पुढे लिहितो.

तुझं पत्र धनत्रयोदशीच्या आधी मिळालं. ते मी कोर्टाच्या आवारात उभ्या उभ्या फोडलं. "अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. मी सामान आवरून ठेवते." एवढंच. खाली शब्द नाही, नागपूरची बातमी नाही, मैत्रिणीचं नाव नाही.

मी ते खिशात ठेवलं आणि टेबलाशी जाऊन बसलो. त्या दिवशी नक्कल करताना माझी एक ओळ गळाली. ताडून पाहणाऱ्याने ती दाखवली तेव्हा तो माझ्याकडे पाहतच राहिला, कारण असं आजवर झालेलं नाही. तुझं नाक आईचं आहे. तुझं हसू, खरं म्हणजे जे होतं ते, आईचं आहे. पण ही दोन वाक्यं माझी आहेत. मी आयुष्यभर अशीच बोललो आहे. "तुम्ही म्हणाल तसं." मला वाटायचं त्याने कोणाला त्रास होत नाही. तुझ्या अक्षरात ते वाचलं आणि मला भीती वाटली. तुझ्या आईला पहिली काही वर्षं ही असली उत्तरं रोज ऐकावी लागली. तिने कशी ऐकली असतील?

एक तारखेला कोर्टात सभा झाली. नवीन राज्य झालं म्हणून भाषण, पेढे, मग दुपारनंतर सोडून दिलं. मी घरी आलो, नारळ देव्हाऱ्यातून काढून पिशवीत घातला आणि लालबागला स्टेशनवर जाऊन रावेरची गाडी पकडली.

वाटेत माझ्या हातून एक चूक झाली. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे लहानपणापासूनचं. स्टेशनच्या अलीकडे मावाजिलेबी गरम दिसली, म्हणून अर्धा शेर बांधून घेतली. गाडीत बसल्यावर मी बोलायची वाक्यं मनात जुळवत होतो. जिलेबीचा विचार केलाच नाही.

निंबाजींच्या अंगणात पोचलो. ते बाजेवर बसले होते. माझ्या हातातला पुडा त्यांनी पाहिला आणि उठलेच. "अहो, ऐकलं का! बुऱ्हाणपूरचे व्याही आले, तोंड गोड करायला!" त्यांची बायको आतून आली, थोरली सून आली, शेजारची दोन माणसं आली. कोणीतरी पाट मांडला. बाई कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्याच्या घरी दुःख आहे तो माणूस दिवाळीत मिठाई घेऊन दुसऱ्या गावी येतो, याचा अर्थ एकच होतो.

"तिथी काढूनच आले असतील," निंबाजी म्हणाले. "बोला वामनराव!"

जुळवलेली सगळी वाक्यं गेली. मी म्हटलं, "तिची परीक्षा मार्चात आहे."

"असू द्या की. कार्य माघात."

"परीक्षा मार्चात आहे."

"हो हो, कळलं. पेपर देऊ आपण. गाडीत बसवून देईन मी स्वतः."

"परीक्षा मार्चात आहे," मी पुन्हा म्हणालो. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग म्हणालो, "मला हे लग्न करायचं नाही. म्हणजे मुलगीचं. आता नाही. माघात नाही. वर्षाच्या आत नाही."

'मुलगीचं' म्हणालो, 'मुलीचं' नाही. इतका गडबडलो होतो.

निंबाजी खाली बसले. "मग नारळ का घेतला?"

"तुम्ही हातात दिला."

"हातात दिला म्हणजे? विंचू दिला असता तर धरून उभे राहिले असते का?"

"बहुतेक राहिलो असतो," मी म्हणालो.

त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय ते मला कळलं नाही. निंबाजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "वामनराव, केळीचा घड तीन वरसं झाडावर राहत नाही. पिकतो, काळा पडतो, मग ढोरंही खात नाहीत. मुलीचा बाप आहात. विचार केला का?"

मी म्हटलं, विचार केला आहे. तीन वर्षांनी तिचं लग्न होईल, नाही झालं तर ती नोकरी करील, शाळेत शिकवील. तिला इंग्रजी आवडतं. तिच्या आईला आवडायचं. हे मी त्या अंगणात, इतक्या माणसांसमोर, एका दमात बोललो. मग असंही सांगितलं की मी कोर्टात साधा नक्कलनवीस आहे, ट्यासिटन हा हुद्दा नाही. त्याची काही गरज नव्हती, पण बोलायला लागलो तर थांबता येईना.

नारळ त्यांनी परत घेतला. जिलेबी घेतली नाही. "ही घेऊन जा. आम्हाला नाही गोड लागायची." निघताना त्यांची बायको फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "शिकू द्या तिले. आम्ही दुसरी पाहू." चांगली माणसं आहेत ती. मी त्यांचा दिवाळीचा दिवस घालवला.

परतीच्या गाडीत पुडा मांडीवर होता, त्याचं तूप कागदातून बाहेर आलं होतं. समोर खंडव्याचा एक व्यापारी बसला होता. म्हणाला, "क्यों बाबूजी, नए राज्य की मिठाई?" सगळा डबा माझ्याकडे पाहू लागला.

मी म्हटलं, "नहीं. बेटी की परीक्षा की."

"पास हो गई?"

"अभी देगी. मार्च में."

"तो अभी से मिठाई?" तो हसला, पण हात पुढे केला. मग सगळ्यांनी हात पुढे केले. बुऱ्हाणपूर येईपर्यंत पुडा संपला. तेव्हा आता तुला परीक्षा द्यावीच लागेल. डबाभर लोकांनी खाल्लं आहे.

दुसऱ्या दिवशी मालूआत्या आली. तिला रावेरहून कळलं होतं. ती ओट्यावरही बसली नाही. "तोंड काळं केलं माह्यं चार लोकांत. इतकी वरसं मुका होता तेच बरं होतं. आता राहाय एकटा, अन् खाय तुही इंग्रजी!" मी तिला बसायला सांगितलं, ती गेली. मोठी बहीण आहे. तुझ्या आईच्या आजारात रात्रंदिवस तीच बसली होती. तिचं मन कसं वळवायचं ते मला समजत नाही. तू तिला एक पत्र लिही, लग्नाबद्दल काही लिहू नकोस, नुसती चौकशी कर. ती वाचून घेईल कोणाकडून तरी.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते लिहितो.

तू सामान आवरलं असशील तर ते परत लाव. तू माझ्यासाठी येणार होतीस हे मला माहीत आहे, रावेरसाठी नाही. मागच्या दोन्ही पत्रांत मी इकडे ठीक आहे असं लिहिलं. ठीक नाही. घर रिकामं आहे. संध्याकाळी कोर्टातून निघालो की पाय जड होतात. कुलूप काढून आत आलो की थोडा वेळ कंदील लावत नाही. पण हे रिकामपण माझं आहे. ते भरायला तू येऊ नकोस. तुझ्याने ते भरणार नाही, आणि तुझं मात्र सगळं त्यात जाईल.

आणखी एक. आईला मी एक शब्द कधी सांगितला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निकालपत्रात आला होता. एका माणसाने बायकोच्या म्हणण्यावरून भावाशी दावा लावला, जज्जाने त्याला 'अक्सोरियस' म्हटलं होतं. डिक्शनरीत अर्थ होता, बायकोवर प्रमाणाबाहेर जीव असलेला नवरा. इंग्रज लोक तो दोष म्हणून वापरतात. मी दोनदा वाचला आणि डिक्शनरी मिटली. घरी सांगितला असता तर ती दुसऱ्या दिवशी नळावर सांगत सुटली असती, आणि मला गल्लीतून चालणं कठीण झालं असतं. म्हणून त्या दिवशी दुसराच कुठला तरी शब्द नेला. ती म्हणाली, "आजचा काही खास नाही." मी म्हटलं, "हो, आजचा साधाच आहे."

तिला न सांगितलेला शब्द तुझ्याजवळ ठेवतो. कुठे सांगायचा नाही असं मी म्हणणार नाही. सांगावासा वाटला तर सांग.

पेपरांचं वेळापत्रक लागलं की मला पाठव, मी इथे भिंतीवर लावीन. रोज एक पान तरी मोठ्याने वाच. खर्चाला जपू नकोस. आणि मला पत्र लिहिशील तेव्हा "तुम्ही म्हणाल तसं" हे पुन्हा लिहू नकोस. भांड, पण ते लिहू नकोस.

तुझा,
नागपूरला तू आहेस म्हणून इथे निभावून नेणारा,
अण्णा

ता. क. थंडी सुरू झाली म्हणून पेटीतल्या गोधड्या आज गच्चीवर उन्हात टाकल्या आहेत. ऊन उतरलं, आणायला जातो. मोठी गोधडी झटकून घडी करायला दोन माणसं लागतात. तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून पाहतो.